तो येईपर्यंत विसरायचं नाही

मी बत्तीस वर्षं लहान मुलांना आकडे वाचून दाखवले. कोणी व्यवसाय विचारला की मी 'बालमानसशास्त्रज्ञ' असं सांगते. मग समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो की आमचा नातू फार हट्टी आहे, काय करावं. काय करावं ते मला माहीत नाही. माझं काम निराळं होतं. नेरूळ स्टेशनजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, टेबलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे एक मूल. मी म्हणायचं, "पाच, आठ." मुलानं म्हणायचं, "पाच, आठ." मग तीन आकडे, मग चार, असं मूल अडखळेपर्यंत वाढवत न्यायचं. त्यानंतर तेच उलटं: मी "पाच, आठ" म्हटलं की त्यानं "आठ, पाच" म्हणायचं. सेकंदाला एक आकडा, आवाजात चढउतार नाही, चेहरा कोरा. या आवाजाची इतकी सवय झाली की भाजीवाल्याकडेही मी "कोथिंबीर. आलं. मिरची." असं सेकंदाला एक म्हणते, आणि आमचे हे शेजारी उभे राहून सुचवतात की आता उलटं.

यातून काय कळतं, असं पालक विचारायचे. पाढे पाठ असणं ही एक स्मरणशक्ती. ती कपाटासारखी, ठेवलेलं वर्षानुवर्षं राहतं. मी मोजायची ती दुसरी, हातात धरून ठेवण्याची. कोणीतरी फोन नंबर सांगतं आणि तुम्ही पेन शोधता. पेन मिळेपर्यंत नंबर जिथे असतो, ती. तिला 'वर्किंग मेमरी' म्हणतात. चार वर्षांच्या मुलाच्या हातात दोन-तीन गोष्टी मावतात. सातव्या-आठव्या वर्षी चार-पाच. मोठ्या माणसाइतकी ती व्हायला पोराला दहावीला पोचावं लागतं. त्यामुळे पाच वर्षांच्या पोराला "चपला काढ, हात धू, डबा ओट्यावर ठेव आणि आजोबांना चष्मा दे" असं एका दमात सांगितलं आणि ते हात ओले घेऊन आजोबांसमोर चपला घालून उभं राहिलं, तर ते उद्धट नसतं. त्याचे हात भरलेले असतात, इतकंच.

आणखी एक गोष्ट सांगते, पुढे लागेल. पाच वर्षांच्या मुलाला आकडे धरून ठेवायला सांगितले तर ते तुमच्याकडे आशेने बघत बसतं. सातव्या वर्षाच्या आसपास मात्र त्याला एक शोध लागतो, की मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं तर आकडे पळून जात नाहीत. मग ओठ हलायला लागतात. हे बहुतेकांना कोणी शिकवत नाही. ज्याचं त्याला सापडतं, आणि सापडलं की त्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो बघायला मी बत्तीस वर्षं त्या खुर्चीवर बसले असं म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडे विचित्र माणसं पुष्कळ आली. वाशीच्या एका वडिलांनी कुठूनशी चाचणीची प्रत मिळवून मुलाकडून ती पाठ करून घेतली होती. मी "तीन, नऊ" म्हटल्यावर तो मुलगा "तीन, नऊ, पुढे चार, एक, सहा" असं म्हणाला आणि माझ्या आधी शेवटापर्यंत जाऊन थांबला. त्याचे वडील काचेबाहेरून अंगठा दाखवत होते. पण मला लिहायचं आहे ते स्वराबद्दल, कारण तिच्या बाबतीत चूक माझ्याकडून झाली.

स्वरा सात वर्षांची, दुसरीत. घर सारसोळे गावातलं, तळमजला आणि वर दोन माळे. वडील जितेंद्र उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर, आई प्रणाली दवाखान्यात रिसेप्शनला, आणि आजी हिराबाई बाजारात मासळी विकायला बसायची. घरातली दुपार आजी आणि नात मिळून सांभाळायच्या. ही मुलगी गणपतीच्या आधीपासून ओठ हलवायला लागली होती. जेवताना, शाळेत, रिक्षात, सारखी. काही विचारलं तर हात वर करून थांबवायची, पुटपुटून घ्यायची, मग अर्धंमुर्धं उत्तर द्यायची. पूर्वी भरपूर बोलणारी पोर, आता गप्प झाली होती.

जितेंद्रने तिला आधी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना जबड्यात दोष दिसला आणि त्यांनी तार सुचवली. कानाच्या डॉक्टरांना कानात मळ दिसला, तो काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. तो ती मुकाट्याने घालायची आणि काचांमागून ओठ हलवत बसायची. एका अंकशास्त्रवाल्याने नावात एक जादा 'ए' घालायला लावला. गावात निराळंच सुरू झालं. शेजारच्या एका नाखव्याच्या होडीचं इंजिन आठ दिवस बंद होतं. स्वरा धक्क्यावर उभी राहून पुटपुटत होती आणि त्याच वेळी ते चालू झालं. झालं. पोर देवीचं नाव घेते, अशी वार्ता फिरली. बाया दुपारी येऊन तिच्यासमोर बसायला लागल्या, एकीने ओटी आणली. हिराबाईला ते आवडलं नाही, पण आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं कसं, म्हणून ती चहा करत राहिली. स्वराने या सगळ्यांकडे बघितलंही नाही.

शाळेतल्या बाईंनी नुकतंच मोबाईलवर एक ऑनलाइन शिबिर केलं होतं. त्यांनी वडिलांना सांगितलं की तुमच्या मुलीची वर्किंग मेमरी वीक आहे, तपासून या. अशी ती माझ्याकडे आली.

मी "पाच, आठ" म्हटलं. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि म्हणाली, "पाच, सात." मी दुसरी जोडी वाचली. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी हसून हात खाली घ्यायला लावले आणि पुन्हा वाचलं. चार वर्षांचं पोर करतं ते तिला जमेना. उलटे आकडे तर सुरूच करता आले नाहीत. वीस मिनिटांत ती घामाघूम झाली. शेरा लिहायच्या जागी मी 'ऐकण्याबाबत अनिच्छा' असं लिहिलं. मग बरोबर उत्तरांच्या खुणा मोजल्या. मोजण्यासारखं फारसं नव्हतंच. अहवालात लिहिलं की हिची वर्किंग मेमरी वयाच्या मानाने फार कमी आहे, शाळेने वेगळी मदत द्यावी. सही केली, शिक्का मारला.

शाळेने वेगळी मदत दिली. म्हणजे तिला वर्गातून काढून संगणकाच्या खोलीशेजारच्या खोलीत बसवलं. तिथे आणखी चार मुलं होती आणि रंगांचे मणी वेगळे करायचं काम होतं. नोव्हेंबरपासून ती मणी वेगळे करत होती.

जानेवारीत जितेंद्र एकटाच आला. शाळेने सांगितलं होतं की पुढच्या वर्षी आम्हाला जमणार नाही, दुसरी शाळा बघा. दुसऱ्या शाळेला दाखवायला त्याला माझ्याकडून नवं सर्टिफिकेट हवं होतं. बोलताना तो टेबलाकडेच बघत होता. म्हणाला, "मॅडम, आदी ती खूप बोलायची. आमी ओरडायचो, गप बस म्हणून. आता बोलतच नाही. टेन्शन येतं. मी ओरडलो म्हणून झालं का हे?"

मी तसं नसतं असं काहीतरी बोलले आणि तिची फाईल काढली. नवं सर्टिफिकेट जुन्या कागदावरूनच करायचं होतं. आमच्या कागदावर दोन रकाने असतात. एकात बरोबरची खूण करायची, दुसऱ्यात मुलाने चुकीचं जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहायचं. मी शिस्तीची बाई, त्यामुळे सगळं लिहिलेलं होतं. आणि लिहून झाल्यावर ते कधी वाचलं नव्हतं. कोणीच वाचत नाही; गुण खुणांचे असतात.

'पाच, आठ' याला तिने 'पाच, सात' म्हटलं होतं. 'तीन, सहा' याला 'सात, दोन'. 'चार, एक, सहा' याला 'सात, दोन, नऊ'. 'एक, तीन' याला 'नऊ, चार'. आणि एका ठिकाणी मी काही विचारायच्या आधीच ती बोलली होती, तेही मी इमानदारीत टिपलं होतं: 'सात, दोन, नऊ, चार'. माझ्याच अक्षरात, पानभर, पुन्हा पुन्हा तेच चार आकडे. आठवत काही नव्हतं असं नाही. ती काहीतरी धरून बसली होती आणि मी समोर बसून वीस मिनिटं तिच्या कानात भलतेच आकडे ओतले होते. नोटा मोजणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून मोठ्याने दुसरेच आकडे बोलावेत तसं. कानांवर हात तिने त्यासाठी ठेवले होते.

मी जितेंद्रला विचारलं, हा नंबर कशाचा. गाडीचा नाही, घराचा नाही, कोणाच्या फोनचा नाही. तो जाऊन शाळेतून स्वराला घेऊन आला. ती समोर बसली, चष्मा नाकावर घसरलेला, ओठ चालू. मी काही विचारलं नाही. नेहमीच्या आवाजात, सेकंदाला एक, म्हटलं, "सात. दोन. नऊ. चार."

तिचे ओठ थांबले. ती माझ्याकडे, मग दाराकडे, मग टेबलाखाली बघायला लागली. बत्तीस वर्षांत कोणत्याही मुलाने मला इतक्या गंभीरपणे काही विचारलं नसेल.

"सिलिंडर तुमी आनलाय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीच्या आधी एका दुपारी घरातला गॅस संपला होता. नंबर लावलेला होता. सिलिंडर देताना डिलिव्हरीवाल्याला मोबाईलवर आलेला चार आकडी कोड सांगावा लागतो, नाहीतर तो सिलिंडर देत नाही. हिराबाईला वाचता येत नव्हतं, आणि तिला बाजारात जायचं होतं. फोनही तीच घेऊन जाणार होती. म्हणून तिने नातीला आकडे वाचायला लावले आणि सांगितलं, हे ध्यानात ठेव, तो येईल तवा सांग, तवर इसरू नको. आणि आजी टोपली उचलून गेली.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी स्वरा शाळेत असताना सिलिंडर आला, प्रणालीने आजीच्या फोनवर आलेला नवा कोड सांगून तो घेतला, स्वयंपाक झाला, गणपती आले आणि गेले. त्यानंतर आणखीही सिलिंडर आले, सगळे शाळेच्या वेळेत. स्वराला कोणी सांगितलं नाही की आता राहू दे. का सांगावं? कोणाच्या लक्षातच नव्हतं. आणि स्वराला नेमका त्याच महिन्यात तो शोध लागला होता, की म्हणत राहिलं की पळत नाही. चार आकडे म्हणजे सात वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात. त्या भरल्या हातांनी ती साडेचार महिने जेवली, झोपली, शाळेत गेली आणि नापास झाली.

जितेंद्रने मुलीला जवळ घेऊन सांगितलं की तो सिलिंडर आला, संपलासुद्धा, आता विसर. तिने मान हलवली आणि पुटपुटायला लागली. मी सांगितलं, विसरलीस तरी चालेल. तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. घरी नेल्यावर हिराबाईने सांगितलं. हिराबाईला मुळात आपण असं काही सांगितल्याचं आठवत नव्हतं. "मी कवा सांगितला?" एवढंच ती म्हणत राहिली, आणि ज्या बाईला सांगितल्याचंच आठवत नाही तिच्या सांगण्यावरून स्वरा काय म्हणून विसरेल? तिचं म्हणणं साधं होतं. काका अजून आले नाहीत.

माझ्या शास्त्रात यावर उपाय होते. चित्रं काढायला लावायची, खेळातून काढायचं, महिना-दोन महिने. प्रणाली मात्र म्हणाली की त्यापेक्षा सिलिंडरवाल्याला बोलवा.

सिलिंडर भरलेला होता. तरी दुसरा नंबर लावला. मी जितेंद्रला बजावून सांगितलं की डिलिव्हरीवाल्याला आधी गल्लीच्या तोंडाशी गाठायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: घरी आलास की दुसरा कोणताही कोड मागायचा नाही, मुलगी सांगेल तो ऐकून घ्यायचा, आणि 'बरोबर आहे' म्हणायचं. त्या शनिवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या पडवीत बसलो होतो. मी, प्रणाली, हिराबाई, आणि रजा टाकून, डिलिव्हरीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी गाठून आलेला जितेंद्र. बातमी गावभर झाल्यामुळे समोरच्या ओट्यावर नाखवाही येऊन बसला होता. कोणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत तशी शांतता होती. स्वराला आजीने गजरा माळला होता. तो का, हे मी विचारलं नाही.

डिलिव्हरीवाला आला. नामदेव त्याचं नाव, जालन्याकडचा, पन्नाशीचा, खांद्यावर सिलिंडर. त्याने तो उतरवला, घाम पुसला आणि हातातला मोबाईल काढून म्हणाला, "कोड."

स्वरा पुढे झाली. गजरा, चष्मा, हात मागे बांधलेले. तिने चार आकडे सांगितले, स्वच्छ, सेकंदाला एक. माझ्यापेक्षा चांगले.

जितेंद्रने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी नामदेवच्या ध्यानात पहिल्या दोन राहिल्या होत्या. तिसरी गेली. त्याने प्रामाणिकपणे ते आकडे मोबाईलमध्ये घातले, थांबला, आणि म्हणाला, "मॅच होत नाही."

प्रणालीने तोंडावर पदर घेतला. स्वरा रडली नाही. तिने डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली, कुठे चुकलं ते शोधत. चार महिन्यांचा हिशेब मनात तपासत असावी. ते बघणं मला जमेना, मी उठले. पण मी काही बोलायच्या आत हिराबाई नामदेवला म्हणाली, "तिचा बरोबर हाय. तू उशिरा आयलास."

नामदेवला तेव्हा जितेंद्रची तिसरी गोष्ट आठवली असावी, किंवा नसावी. तो गुडघ्यावर बसला आणि मुलीला विचारलं की हा कोड कधीचा. ती म्हणाली, गणपतीच्या आधीचा. तो विचारात पडला. मग म्हणाला की त्या आठवड्यात एक दिवस तुमची गल्ली खोदली होती, पाईपचा गॅस टाकायला. गाडी आत येईना, म्हणून तो नाक्यावरून सिलिंडर परत घेऊन गेला होता.

"तू थांबली होतीस का तेव्हा?" त्याने विचारलं.

स्वराने मान डोलावली.

"मग चूक माझी आहे. कोड तुझा बरोबरच होता, मीच आलो नाही."

त्याने खिशातून पावत्यांचं पुस्तक काढलं, एका पावतीच्या पाठीवर पेनने ७२९४ लिहिलं, खाली 'मिळाला' लिहिलं, सही केली आणि तिला वाचून दाखवलं. मग ती पावती घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. म्हणाला, आता हा माझ्याकडे आहे, तू मोकळी. मी इतकी वर्षं मुलांचे अहवाल लिहिले, पण कोणाच्या उपयोगी पडलेला एवढा चांगला कागद माझ्या हातून झालेला नाही.

स्वरा त्या बटणाकडे बघत होती. तिचे ओठ बंद होते. मग ती उंबऱ्यावर बसली, चष्मा काढून आजीच्या हातात दिला आणि आईला म्हणाली की माझा दात दिवाळीत पडला तो मी खिडकीतून टाकला होता, तर तो पत्र्यावर पडला आणि मांजर दचकलं. तिथून ती जी सुरू झाली ती थांबेना. मण्यांच्या खोलीतल्या मुलाला नाकात मणी घालता येतो, बाईंच्या चपलेला दोन वेगळे पट्टे आहेत, नाखवा काकांचं इंजिन तिने नाही तर त्यांच्या पुतण्याने प्लग बदलून चालू केलं, ती बघत होती. नाखवा उठून घरी गेला. साडेचार महिन्यांचं बोलणं साचलं होतं. जितेंद्र ऐकत बसला होता, आणि त्याने तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

नामदेवचा सिलिंडर मात्र अजून पडवीतच होता, कारण खऱ्या कोडशिवाय त्याला तो देता येत नव्हता. हिराबाईने सवयीने फोन पुढे केला आणि म्हणाली, "स्वरा, बघ गं, काय आकडे आल्यान?" त्या पडवीतल्या मोठ्या माणसांना एकाच वेळी इतक्या चपळाईने उठताना मी पुन्हा कधी बघितलं नाही. फोन शेवटी नामदेवच्या हातात पडला आणि त्यानेच कोड वाचून स्वतःला सांगितला.

पंधरा दिवसांनी मी तिची पुन्हा चाचणी घेतली. वयाला साजेसे, किंचित वरचढच गुण आले. खरी अडचण त्यानंतर होती. मला माझा आधीचा अहवाल मागे घ्यायचा होता, आणि शाळेत अहवाल मागे घ्यायची पद्धत नव्हती. अहवाल घ्यायची होती, नव्याने करून घ्यायची होती. मागे घेणं कोणी केलंच नव्हतं. मुख्याध्यापिकांनी मला कार्यालयात पाठवलं, तिथल्या क्लार्कने एक फॉर्म शोधला. त्यात 'विद्यार्थ्याच्या स्थितीत बदल झाल्याचे कारण' असा रकाना होता. मी सांगितलं, विद्यार्थ्याच्या स्थितीत बदल नाही, चूक माझी आहे. ते म्हणाले, तसा रकाना नाही, थोडक्यात काय झालं ते सांगा. मी थोडक्यात सिलिंडरचं सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'कारण: गॅस.'

त्याचा परिणाम म्हणजे पुढच्या आठवड्यात सगळ्या पालकांना सूचना गेली, की गॅसगळतीमुळे मुलांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, तरी नळ्या तपासून घ्याव्यात. स्वरा आपल्या वर्गात परत गेली. मण्यांच्या खोलीतली उरलेली चार मुलं तिथेच राहिली. त्यांच्यापैकी तिघांच्या अहवालांवर माझी सही होती. ते मी मागवून घेतले आणि चुकांचे रकाने वाचले. एकाच्या चुकांत मला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, त्याला ऐकू कमी येत होतं आणि तो ओठ बघून आकडे सांगत होता. मी खाली कागदात बघून वाचते म्हणून चुकत होता. बाकी दोघांचं काही सापडलं नाही. त्यांच्या बाबतीत अहवाल खरे होते. पण त्या शाळेशिवाय आधीच्या सगळ्या वर्षांचे इतर कागद होते, आणि ते केव्हाच रद्दीत गेले होते. त्यांच्यात कोण काय धरून बसलं होतं ते मला कधी कळणार नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

निवृत्तीपर्यंतची शेवटची काही वर्षं मी एक पद्धत ठेवली. आकडे सुरू करायच्या आधी मुलाला विचारायचं, कोणी काही लक्षात ठेवायला सांगितलंय का? चाचणीच्या नियमांत हे बसत नाही. पण उत्तरं काय काय यायची. बाबा गुटखा खातात हे आईला सांगायचं नाही. कोणी खाऊ दिला तर घ्यायचा नाही, मामाने दिला तर घ्यायचा, पण मोठ्या मामाने दिला तर नाही. बाळ झोपलंय. घणसोलीच्या एका सहा वर्षांच्या मुलाला घरमालक आल्यावर सांगायचं होतं की खोलीत आपण चौघंच राहतो, आणि तो सातपैकी कोणाकोणाला वगळायचं ते मनात घोकत होता. मी हे सगळं एका कागदावर लिहून घ्यायची, मुलाला दाखवायची, आणि कागद टेबलाच्या खणात ठेवायची. मग आकडे.

एकदाच मी कागद काढला नाही. अन्वी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या वडिलांनी गाडी आमच्या इमारतीच्या तळघरात लावली होती आणि ते तिला म्हणाले होते, लक्षात ठेव गं, बी-टू, खांब सत्तावीस. मी म्हटलं, एवढंच ना, ते मी धरते, तू आता निश्चिंत हो. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान डोलावली. चाचणी फार छान झाली. सरळ सहा आकडे, उलटे पाच. मी तिथेच गुण मांडले, अहवाल लिहून टाकला आणि तिला बाहेर घेऊन गेले.

वडील उठले, किल्ली काढली आणि तिला विचारलं, गाडी कुठे होती गं? तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यात अर्धा तास वाचलेले सगळे आकडे होते, सरळ आणि उलटे, फक्त खांबाचा सोडून. मी म्हटलं, "बी-टू. खांब... सदतीस?"

"सत्तावीस," अन्वी म्हणाली. मग माझा हात थोपटून म्हणाली, "मला वाटलंच होतं. म्हणून मी पण ठेवलं होतं."

ते दोघं लिफ्टने खाली गेले. मी आत येऊन तिचा अहवाल पुन्हा काढला. सहा आकडे सरळ, पाच उलटे, आणि त्या सगळ्या वेळात शिवाय हेही. त्यासाठी रकाना नव्हता. मी कडेला पेन्सिलीने लिहिलं: 'अधिक खांब सत्तावीस.'